हर्बेरियमची डिजिटल नोंद कशी ठेवतात?

वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींचा संग्रह म्हणजे हर्बेरियम. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या हर्बेरियमचा आंतरराष्ट्रीय कोड आहे 'एसयूके'. असा संग्रह कॉम्प्युटरवर आणताना प्रत्येक नमुन्याला स्वतंत्र नंबर देतात. वनस्पतीचं नाव, गोळा करणारा, तारीख, ठिकाण हे सगळं डेटाबेसमध्ये त्याच नंबराला जोडलेलं असतं.

खरी गोची ठिकाणात होते. इंग्रजीत हातकणंगले लिहिताना कुणी 'जी'नंतर 'ए' घालतं, कुणी नाही. एकच स्पेलिंग सर्च केलं की बाकीचे नमुने गायब! म्हणून 'डार्विन कोअर' (२००९) या स्टँडर्डमध्ये लेबलवरच्या मूळ मजकुराला वेगळा रकाना आहे आणि अक्षांश-रेखांशाला वेगळा. नमुने नकाशावरून शोधा. लेबल मात्र 'दुरुस्त' करू नका. मूळ पुरावा तोच.