जनरल थोरातांचा ‘रिट्रीट’

‘रिट्रीट’ हा शब्द मराठीत आणताना अनुवादकाच्या लेखणीतून पहिल्यांदा ‘माघार’ उतरते, आणि इथेच घोटाळा होतो. फौजेतला ‘रिट्रीट’ म्हणजे सूर्यास्ताचा बिगूल. दिवसाची लढाई थांबवायची, निशाण उतरवायचे, छावणीत परतायचे, एवढाच त्याचा अर्थ. दिल्लीकरांना तो वेगळा सांगावा लागत नाही. दरवर्षी २९ जानेवारीला विजय चौकात ‘बीटिंग रिट्रीट’ होते आणि कुणी हरले म्हणून ते होत नसते. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंगराव पाटील थोरात यांनी आपल्या इंग्रजी आत्मचरित्राला ‘फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट’ असे नाव दिले. पहाटेच्या बिगुलापासून सांजेच्या बिगुलापर्यंत. १९८६ साली पुस्तक आले तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. पण या नावात दुसरा अर्थही दडून बसला आहे, आणि तो त्यांना दिसला नसेल असे मला वाटत नाही. कारण ‘माघार’ या शब्दावरूनच त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा वाद झाला.

ऑक्टोबर १९५९. थोरात तेव्हा पूर्व विभागाचे सेनापती, मुख्यालय लखनौला. ईशान्य सीमेच्या, म्हणजे तेव्हाच्या ‘नेफा’च्या, संरक्षणाविषयी त्यांनी एक टिपण लष्करी मुख्यालयाकडे पाठवले. आशय रोखठोक होता. मॅकमहोन रेषेवरच चिन्यांना अडवणे आपल्याला शक्य नाही. तिथे रस्ते नाहीत, रसद पोचत नाही. सीमेवर ठाणी असू द्यावीत, पण ती चाहूल देण्यापुरती. खरी लढाई मागे यावे आणि तिथे द्यावी, जिथे आपली रसद जवळ असेल आणि शत्रूची लांबलेली. थोडक्यात, ठरवून, जागा निवडून मागे येणे. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किला’ नावाचा युद्धसराव घेऊन त्यांनी हेच मांडून दाखवले. सेनाप्रमुख जनरल थिमय्या त्यांच्याशी सहमत होते. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना मात्र हे सगळे अकारण घाबरवणारे वाटले. १९६१ मध्ये थिमय्यांनी आपल्यानंतर थोरातांचे नाव सुचवले. सरकारने जनरल थापर यांना नेमले. त्या मे महिन्यात थोरात निवृत्त झाले. २० ऑक्टोबर १९६२ ला चिनी फौजा उतरल्या आणि महिन्याभरात से ला, बोमदिला गेले. जी माघार आधी आखायला हवी होती, ती न आखता झाली.

युद्धानंतर नेहरूंनी थोरातांना दिल्लीला बोलावून घेतले. ते टिपण आपल्याला कधी दाखवलेच गेले नाही, असे नेहरू म्हणाल्याचे थोरात सांगतात. ही हकिकत मराठी घरांत पुष्कळदा सांगितली जाते, आणि सांगताना आपल्या माणसाचा अभिमान आवाजात येतो. येऊ द्यावा. पण पुस्तक छापून आले तेव्हा नेहरू जाऊन बावीस वर्षे झाली होती, मेनन जाऊन बारा. त्या खोलीतली दुसरी बाजू या पानांवर नाही. शिवाय मला या गोष्टीची वेगळीच तक्रार आहे. एका न वाचलेल्या कागदापायी आपण त्या माणसाचे बाकीचे आयुष्यही न वाचता सोडून दिले.

ते आयुष्य मोठे होते. १२ ऑगस्ट १९०६ चा जन्म, कोल्हापूरकडचा. सँडहर्स्टचे शिक्षण, १९२६ मध्ये कमिशन, पंजाब रेजिमेंट. जानेवारी १९४५ मध्ये आराकानात कांगॉच्या लढाईत एकाच ब्रिगेडच्या तीन पलटणींचे प्रमुख हिंदी होते: थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. इंग्रज अधिकाऱ्यांखेरीज हिंदी पलटण लढेल का, हा प्रश्न तोवर विचारला जात असे. तिघांनाही ‘डीएसओ’ मिळाले.

पण मी सर्वांत जास्त रेंगाळते ती कोरियात. १९५३ मध्ये तह झाला तेव्हा मायदेशी परत जायला नकार देणारे बावीस हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियाई कैदी, आणि पलीकडच्या बाजूचे ३५९, असे सारे भारताच्या ताब्यात दिले गेले. तटस्थ आयोगाचे अध्यक्ष थिमय्या. प्रत्यक्ष कैदी सांभाळणाऱ्या सुमारे सहा हजारांच्या भारतीय दलाचे प्रमुख थोरात. दक्षिण कोरियाच्या सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू दिले नाही, म्हणून बंदरातून त्यांना हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. तिथल्या तंबूंच्या वस्तीचे नाव ‘हिंद नगर’.

सप्टेंबरात चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत ओढून नेले. थोरात मोजक्या सोबत्यांनिशी, शस्त्राविना, आत गेले. भोवती खवळलेला जमाव. त्यांनी धमकावले नाही; पाहुणा आला आहे आणि साधी सिगारेटही कुणी पुढे करत नाही, असे दुभाष्याकरवी लटक्या रागाने सुनावले. ताण सैलावला, मेजर सुटला. दुभाष्याच्या जागी उभे राहून पाहिले, तर तो लटका राग चिनीत नीट पोचवणे हे काही लहान काम नव्हते! सगळे असेच निभावले असेही नाही. पुढच्याच आठवड्यात पहारेकऱ्यांना गोळीबार करावा लागला, त्यात कैदी मेले. तरी प्रत्येकाला तंबूत एकेकटे बसवून ‘तुला कुठे जायचे?’ हे विचारण्याचे काम दलाने चालू ठेवले, दोन्हीकडची शिवीगाळ ऐकत. या कामगिरीसाठी थोरातांना अशोकचक्र, वर्ग २, म्हणजे आजचे कीर्तिचक्र मिळाले.

त्यातल्या ८८ जणांनी उत्तर, दक्षिण, चीन, तैवान सगळेच नाकारले. ते भारतीय दलासोबतच निघाले, फेब्रुवारी १९५४ मध्ये मद्रासला उतरले आणि दिल्ली छावणीत राहिले. पुढे बरेचसे ब्राझील, अर्जेंटिनाला गेले, काही इथेच रमले. छावणीच्या रस्त्याने जाताना मला ‘नेफा’चा कागद आठवत नाही, हे लोक आठवतात.

निवृत्तीनंतर थोरात एकतीस वर्षे जगले. आपलेच म्हणणे खरे ठरलेल्या माणसाला इतकी वर्षे काढणे सोपे नसावे. वरवर पाहता ते मुकाट्याने कामाला लागले. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद सांभाळले, कोल्हापुरात स्थिरावले, लिहिले. मुलगा यशवंत थोरात सैन्यात न जाता रिझर्व्ह बँकेत गेला, पुढे ‘नाबार्ड’चा अध्यक्ष झाला. वडिलांविषयी आणि १९६२ विषयी त्यानेही लिहिले आहे. बापाने मागे ठेवलेला कागद मुलाने पुन्हा वाचायला घ्यावा, हे आपल्याकडे फारसे घडत नाही.

१० ऑगस्ट १९९२ रोजी जनरल थोरात गेले. शहाऐंशीवा वाढदिवस दोन दिवसांवर होता.