हरताळ चुकीच्या ओळीवर

हेदवीत राहून मी वर्षानुवर्षे जुन्या पोथ्या चाळत आलो. चुकलेल्या अक्षरावर लेखनिक पिवळा हरताळ फासत. अक्षर कागदावरच राही, वाचले मात्र जात नसे. लहान मुलांच्या मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा इतिहास अभ्यासताना हीच रीत पेशीतही आढळली.

१८९९ मध्ये जर्मन शल्यवैद्य मॅक्स विल्म्स यांनी या गाठींवर प्रबंध लिहिला. त्यांचेच नाव रोगाला चिकटले. फेब्रुवारी १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी वाहिली. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये कॉनराड वॉडिंग्टन यांनी ‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द घडवला. त्या शब्दाची आणि या गाठीची भेट व्हायला मात्र १९९३ उजाडले.

त्या वर्षी अमेरिकेतील अँड्र्यू फाइनबर्ग आणि न्यूझीलंडमधील अँथनी रीव्ह यांच्या गटांनी एकच गोष्ट दाखवली. वाढीला चालना देणाऱ्या ‘आयजीएफ-२’ या जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. सहसा वडिलांकडची प्रत बोलते, आईकडची गप्प असते. विल्म्सच्या अनेक गाठींत दोन्ही बोलत होत्या. जनुकाची अक्षरे शाबूत होती. आईकडच्या प्रतीत शेजारी एक ‘मनाई’ची ओळ असते. पुढील संशोधनातून कळले, की मिथाइल नावाचा रासायनिक हरताळ चुकून त्याच ओळीवर बसतो. मनाई वाचली जात नाही, आणि वाढ आवरत नाही.

आमच्याकडे मूल असे आजारी पडले, की पहिला प्रश्न आईलाच येतो : ‘गरोदरपणी ग्रहण पाहिलं होतंस का?’ ‘आईकडची प्रत’ हे शब्द ऐकून कुणी नवा आरोप रचू नये. थोड्या मुलांत कारण आनुवंशिक असते. बहुतेकांत हा बिघाड गर्भातील पेशी वाढताना आपसूक होतो. त्यात आईचे वागणे, खाणे, ग्रहण यांपैकी कशाचाही हात नाही.

उलट पोटातली ही गाठ पुष्कळदा घरीच, आंघोळ घालताना किंवा कपडे चढवताना हाताला लागते. १९५० च्या दशकात बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी शस्त्रक्रिया व किरणोपचारांना ॲक्टिनोमायसिन या औषधाची जोड दिली. आज संपन्न देशांत दहापैकी नऊ मुले वाचतात. आपल्याकडे ती वाचायची, तर गाठ लागताच परळची वाट धरायला हवी. आणि ती पहिल्यांदा सापडते ती बहुधा त्याच आईच्या हाताला, जिला आपण दोष देत बसतो.