बारवीचे पाणी आणि आपले एक दशक

१९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. त्याच साली इकडे बदलापूरच्या पलीकडे औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरण उभे राहिले. पहिल्या घटनेवर आपल्या लेखकांनी ग्रंथ लिहिले. दुसरीवर आपल्यापैकी कुणी चार ओळी लिहिल्याचे निदान माझ्या वाचनात नाही. मी याच भागातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. २०१० ते २०२० या दशकाविषयी काही मांडावे म्हणून बसलो, तेव्हा ही विसंगती मला बाजूला सारता आली नाही.

हे दशक आपण 'दिसण्याचे' दशक होते. प्रस्थापित मराठी सिनेमाने ज्यांना कायम वाड्याबाहेर उभे केले, ती माणसे पडद्याच्या मध्यभागी आली. २०१४ मध्ये 'फँड्री' प्रदर्शित झाला. डुक्कर खांद्यावरून वाहून नेणारे कुटुंब शाळेच्या भिंतीजवळून जाते आणि त्या भिंतीवर फुले-आंबेडकरांची चित्रे असतात, हे दृश्य आपल्या शिक्षणव्यवस्थेवरचे फार कठोर भाष्य आहे. पुढच्याच वर्षी चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' चित्रपटगृहांत आला. त्यात लोकशाहिराचे काम चळवळीतले कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केले होते. 'कोर्ट' थोड्यांनी पाहिला. २०१६ च्या एप्रिलमधला 'सैराट' मात्र अवघ्या महाराष्ट्राने पाहिला आणि त्याच्या गाण्यावर अवघा महाराष्ट्र नाचला. पाटलाच्या मांडवात नाचला, भीमजयंतीच्या मिरवणुकीतही नाचला. जातीच्या खोट्या प्रतिष्ठेपायी झालेल्या खुनाची ही कथा लग्नाच्या वरातीत वाजू लागली, तेव्हा आपल्यातल्या अनेकांना तो आपला सांस्कृतिक विजय वाटला. मलाही वाटला होता, हे कबूल करतो.

त्याच वर्षाचे दुसरे पंचांग पाहा. १७ जानेवारीला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुलाने जीवन संपवले. ११ जुलैला गुजरातमधल्या उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या तरुणांना उघडे करून मारले. १३ जुलैला कोपर्डीत एका मराठा शाळकरी मुलीवर अमानुष अत्याचार होऊन तिचा खून झाला. आरोपी दलित होते. ९ ऑगस्टला औरंगाबादेत पहिला मराठा मूक मोर्चा निघाला, आणि पुढच्या मोर्चांतून आरक्षणाच्या जोडीने ॲट्रॉसिटी कायद्यात बदलाची मागणी गाजत राहिली. नाचणारा महाराष्ट्र आणि मोर्चातला महाराष्ट्र वेगळे होते काय? माझ्या मते नव्हते. पडद्यावरच्या परशासाठी रडणे फुकट असते. त्यासाठी कुणाला काही सोडावे लागत नाही.

इथे आपल्या बाजूचेही एक न्यून नोंदवले पाहिजे. कोपर्डीचा निषेध आपण केला, पण दबक्या आवाजात. ज्या चळवळीने स्त्रीच्या प्रतिष्ठेची भाषा या देशाला शिकवली, तिचा आवाज त्या आठवड्यात सर्वांत मोठा असायला हवा होता. मग २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये, तेव्हाच्या एकाच अहमदनगर जिल्ह्यात, आठवड्याभराच्या अंतराने दोन निकाल लागले. खर्ड्याच्या शाळकरी दलित मुलाच्या २०१४ मधील खुनाच्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि आरोपी सुटले. कोपर्डीच्या तिघांना फाशीची शिक्षा झाली. पहिल्या निकालाचा जाब विचारण्याचा आपला नैतिक अधिकार आपणच थोडा बोथट करून ठेवला होता.

राज्यकर्त्यांनीही या दशकात बाबासाहेबांना भरभरून 'दाखवले'. १२५ व्या जयंतीच्या निमित्ताने लंडनचे घर विकत घेतले, २०१५ मध्ये इंदू मिलच्या स्मारकाचे भूमिपूजन झाले, आणि नोटबंदीने हातावर पोट असलेल्यांचे कंबरडे मोडल्यावर दोनच महिन्यांत, डिसेंबर २०१६ मध्ये, पैसे पाठवण्याच्या ॲपला 'भीम' हे नाव दिले. 'रुपयाचा प्रश्न' लिहिणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाचा हा सन्मान म्हणायचा की आणखी काही? २०१९ साली दूरचित्रवाणीवर मालिका आली. तिच्या नावातच 'गौरवगाथा' होती. माझी आई रोज रात्री हात जोडून ती पाहत असे. मी तिला काही बोललो नाही. पण ज्याने विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला, त्याच्यापुढे हात जोडले की वाद संपतो, आणि राज्यकर्त्यांना तो संपलेलाच हवा असतो.

आमचा अंबरनाथ मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. २००९, २०१४ आणि २०१९ अशा तिन्ही वेळी तिथून शिवसेनेचा उमेदवार निवडून आला. २०११ मध्ये शिवशक्ती-भीमशक्तीची घोषणा झाली होतीच. २०१९ च्या लोकसभेत वंचित बहुजन आघाडीने राज्यभर लक्षणीय मते घेतली, आणि बाळासाहेब आंबेडकर मात्र अकोला व सोलापूर अशा दोन्ही जागी पडले. मतांची ताकद होती; तिच्यामागे वर्षभर चालणारी संघटना नव्हती.

डीजेविषयी आमच्या शिक्षकवर्गात फार नाके मुरडली जातात. जलसे गेले, शाहिरी गेली, नुसता धिंगाणा उरला, असे म्हणतात. यात तथ्य आहे. पण २०१५ मध्ये शिर्डीत मोबाइलवर भीमगीत वाजले म्हणून एका तरुणाला ठार केले गेले. खिशात ते गाणे बाळगणाऱ्या पोराची जोखीम आम्ही खुर्चीत बसलेल्यांनी कधी घेतली? त्याचे गाणे त्याला खूप काही देते. त्याला अभ्यासमंडळ मात्र कुणी दिले नाही, आणि ते देणे आमचे काम होते.

आता पाण्याकडे येतो. आपल्या चळवळीचा इतिहास २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याच्या ओंजळीने सुरू होतो. त्याच तारखेला, २० मार्च २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाचा ॲट्रॉसिटी कायदा सैल करणारा निकाल आला. २ एप्रिलला देश बंद झाला आणि पुढे संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला. रस्त्यावर उतरण्याची ताकद आपल्यात आहे, हे त्या दिवशी दिसले. पण बारवीची उंची ६८.६० मीटरवरून ७२.६० मीटर होत होती, तेव्हा ही ताकद कुठे होती? तोंडली, काचकोली, मोहघर ही गावे-पाडे पाण्याखाली जाणार होते. त्यांत ठाकूर आणि कातकरी आदिवासी होते. पाणी जाणार होते कारखान्यांना, उल्हासनगरला, कल्याण-डोंबिवलीला, मीरा-भाईंदरला. त्या पाण्यावर आमच्या वस्त्याही जगतात. मोर्चे निघाले ते धरणग्रस्तांचेच. घरटी एक नोकरी आणि मोबदला यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले. आम्ही जयंतीच्या वर्गणीत गुंतलो होतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये वाढीव उंचीपर्यंत धरण प्रथमच भरले. वर्गातली मुले एकमेकांना भरलेल्या धरणाचे फोटो दाखवत होती. मागच्या बाकावरच्या एका मुलाने मोबाइल हातात घेतला, बोटांनी फोटो मोठा केला आणि म्हणाला, "सर, ही चिंच दिसते ना, तिच्या मागे आमचं घर होतं." फोटोत चिंचेचा शेंडाच तेवढा पाण्यावर होता. मी त्या तासाला पुणे करार शिकवायला आलो होतो. तो बाजूला ठेवला आणि त्याला पुढे बोलावून पाड्यात घरे किती होती, कोणाला नोकरी लागली, कोणाला नाही, ते फळ्यावर लिहायला सांगितले. तास संपला तरी त्याची यादी संपली नव्हती.