आरएफआयडी टॅग : गोदामातील वापर

रेडिओ लहरींनी वाचता येणारे टॅग लावून गोदामातल्या मालाची आवक, मोजणी आणि रवानगी नोंदवण्याची पद्धत. बारकोडसमोर स्कॅनर धरावा लागतो आणि खोके एकेक करून मोजावे लागतात. आरएफआयडीत खोका उघडावा लागत नाही की फिरवावा लागत नाही. फोर्कलिफ्टवरचे पॅलेट दारातून आत येता येताच त्यावरच्या सगळ्या खोक्यांची नोंद होऊ शकते.

गोदामातले बहुतेक टॅग ‘पॅसिव्ह’ असतात, म्हणजे त्यांत बॅटरी नसते. चिमुकली चिप आणि पातळ धातूची अँटेना, एवढाच ऐवज. दारावरच्या रीडरने सोडलेल्या लहरींच्या ऊर्जेवर चिप जागी होते आणि त्याच लहरी परतवताना त्यांत फेरफार करून आपला क्रमांक कळवते. परावर्तित लहरींतून संदेश पाठवण्याची कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ सालीच मांडली होती. शेकडो टॅगनी एकाच वेळी उत्तर दिले तर काहीच कळणार नाही. म्हणून रीडर वेळेचे बारीक तुकडे पाडतो आणि प्रत्येक टॅग त्यांतला कुठलातरी एक निवडतो. मोटारीच्या काचेवरचा फास्टॅगही याच जातीचा.

मालाचा पत्ता नसणे किती महाग पडते, हे १९९१च्या आखाती युद्धात दिसले. अमेरिकी लष्कराने पाठवलेल्या सुमारे ४० हजार कंटेनरांपैकी निम्म्याहून अधिक, आत काय आहे हे पाहण्यासाठीच उघडावे लागले.

१९९९ मध्ये एमआयटीत ऑटो-आयडी सेंटर सुरू झाले. संजय सरमा, डेव्हिड ब्रॉक आणि केव्हिन ॲश्टन यांनी तिथे धरलेला आग्रह निर्णायक ठरला : चिपमध्ये फक्त क्रमांक ठेवायचा, बाकी सारी माहिती संगणकावर. त्यामुळे चिप लहान आणि स्वस्त करणे शक्य झाले. प्रचलित ९६ बिटांच्या क्रमांकात एकाच प्रकारच्या वस्तूच्या २७ हजार कोटींहून अधिक नगांना वेगळी ओळख देता येते.

वॉलमार्टने २००३ मध्ये आपल्या १०० मोठ्या पुरवठादारांना जानेवारी २००५ पर्यंत खोक्यांवर आणि पॅलेटवर टॅग लावायला सांगितले. ही घाई झाली. सर्वांना चालेल असे ‘जेन २’ मानक डिसेंबर २००४ मध्ये, म्हणजे मुदतीच्या तोंडावर मंजूर झाले. खर्च पुरवठादारांच्या माथी आला. शिवाय पाणी या लहरी शोषते आणि धातू त्या परतवतो, त्यामुळे शाम्पूच्या बाटल्या आणि पत्र्याचे डबे नीट वाचले जाईनात. फायदा मात्र खरा होता : अर्कान्सा विद्यापीठाच्या २००५च्या पाहणीत टॅग वापरणाऱ्या दुकानांत माल संपलेला असण्याचे प्रमाण १६ टक्क्यांनी घटले.

पद्धत खऱ्या अर्थाने रुजली ती कपड्यांच्या व्यापारात. कापड आणि पुठ्ठा या लहरींना अडवत नाहीत, आणि एकाच शर्टाचे इतके माप-रंग असतात की हाताने मोजणी करताना चुका होतातच. डेकॅथलॉन आणि झाराची मालक कंपनी इंडिटेक्स यांनी प्रत्येक नगावर टॅग लावण्याची वाट धरली. २०२२ मध्ये वॉलमार्टनेही खेळणी आणि गृहोपयोगी वस्तूंपर्यंत नगवार टॅगची अट वाढवली.

रीडर बसवला की काम संपले, असे होत नाही. शेजारच्या दाराशी थांबलेले पॅलेटही वाचले जाते. लोखंडी रॅकवरून लहरी भलतीकडे उसळतात. म्हणून रीडरची ताकद कमी ठेवतात, दारांमध्ये आडपडदे लावतात आणि माल आत येतोय की बाहेर जातोय हे कळण्यासाठी दोन अँटेनांच्या नोंदींचा क्रम पाहतात. न वाचलेला टॅग स्वतःहून काही सांगत नाही, त्यामुळे पुरवठादाराने आधी पाठवलेल्या यादीशी प्रत्येक आवक ताडून पाहावी लागते.