परराज्यातील मक्ता

हिंगोलीहून वाशीमकडे जाताना कनेरगाव नाका लागतो. अलीकडे मराठवाडा, पलीकडे वऱ्हाड. आज दोन्ही एकाच राज्यात नांदत आहेत. परंतु १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेल्यापासून हैदराबाद संस्थान विलीन होईपर्यंत या भागातून दोन सरकारांची हद्द जात होती.

परराज्यातील मोठ्या कामाचा मक्ता दर व कसब यांवरच ठरतो, असा सर्वसाधारण समज आहे. निजामाच्या रेल्वेचा इतिहास पाहिला असता तो टिकत नाही, असे आम्हांस वाटते.

वाडी-हैदराबाद मार्ग १८७४ साली संस्थानाच्या पैशाने झाला. पुढील मार्गाकरिता लंडनचे भांडवल हवे होते. १८८३ च्या फेब्रुवारीत दिवाण सालारजंग वारले; निजाम मीर महबूब अली खान अद्याप अल्पवयीन होते. त्याच वर्षी लंडनच्या कंपनीशी करार होऊन तिच्या भांडवलावर वीस वर्षे शेकडा पाच व्याजाची हमी देण्यात आली. म्हणजे उत्पन्न कमी पडले, तर तूट संस्थानच्या खजिन्याने भरावयाची! धोका परका भांडवलदार पत्करीत आहे असे दिसे. वस्तुतः तो रयतेच्या माथी होता.

हे केवळ हिशोबाने ठरले नाही. लंडनच्या सावकारास तेलंगणाची माती ठाऊक नव्हती. त्याला हवी होती खात्रीची हमी. ती हमी देण्यास संस्थानाला इंग्रज सरकारची संमती लागे, आणि त्या सरकारास स्वतःच्या सोयीचा मार्ग हवा होता. या चांदा रेल्वे योजनेविरुद्ध लोकमत जागविणारे अघोरनाथ चट्टोपाध्याय, म्हणजे सरोजिनी नायडूंचे वडील, यांस त्याच वर्षी हैदराबादेतून हद्दपार करण्यात आले. ज्यांनी पैसा भरावयाचा, त्यांनी प्रश्न विचारणेही अपराध ठरले.

संस्थानाने १९३० साली ही रेल्वे विकत घेतली. हिंगोलीस रुळ १९१२ सालीच आले होते. परंतु हद्द ओलांडून वाशीमकडे जाण्यास त्यांना स्वातंत्र्याची वाट पाहावी लागली.

आज आपली मंडळीही परदेशी कामांसाठी निविदा भरतात. त्यांनी आकडे अवश्य पाहावेत. पण तूट आल्यास ती कोण भरणार, आणि त्याचे मत कोणी विचारले होते काय, हे आधी पाहावे.