एकल-वापर प्लास्टिक निर्बंध व किरकोळ विक्रेते (न्हावा शेवा परिसर)

रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा बंदर आणि त्याभोवतीची उरण व पनवेल तालुक्यांतील गावे येथील दुकानदार, टपरीचालक, मासळी व भाजी विक्रेते यांना लागू असलेले, एकदा वापरून फेकल्या जाणाऱ्या प्लास्टिकवरील निर्बंध आणि त्यांच्या पालनाची रीत. बंदराच्या नावातले न्हावा हे गाव पनवेल तालुक्यात, तर शेवा उरण तालुक्यात. दुकान उरण शहरात असेल तर नगरपरिषदेशी गाठ पडते, जासई किंवा सोनारीसारख्या गावात ग्रामपंचायतीशी, आणि द्रोणागिरी वसाहतीत सिडकोचाही संबंध येतो. पण नियम मुळात राज्याचा आहे. स्थानिक संस्था तो राबवतात, त्यामुळे हद्द ओलांडली म्हणून पिशवी कायदेशीर होत नाही.

२६ जुलै २००५च्या मुंबईतील महापुरात गटारे तुंबवण्यात पातळ पिशव्यांचा वाटा मोठा होता, असे त्या वेळी सर्वत्र बोलले गेले. पुढच्याच वर्षी राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घातली. महाराष्ट्र अविघटनशील कचरा (नियंत्रण) अधिनियमही २००६चाच. त्याच अधिनियमाखाली २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक व थर्माकोल वस्तूंची अधिसूचना निघाली. उत्पादकांनी उच्च न्यायालयात धाव घेतली, पण स्थगिती मिळाली नाही; जवळचा साठा संपवण्याची मुदत मात्र मिळाली आणि २३ जून २०१८पासून दंडाची कारवाई सुरू झाली. केंद्राने प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत २०२१मध्ये दुरुस्ती केली. तिच्यानुसार १ जुलै २०२२पासून प्लास्टिकचे चमचे, काटे, ताटल्या, पेले, स्ट्रॉ, आइस्क्रीमच्या व फुग्यांच्या काड्या, मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायचा पातळ प्लास्टिक कागद, १०० मायक्रॉनखालील पीव्हीसी फलक इत्यादी वस्तू देशभर बंद झाल्या.

दुकानदाराची खरी फसगत मायक्रॉनच्या आकड्यात होते. केंद्राच्या नियमानुसार ३१ डिसेंबर २०२२पासून कॅरीबॅग किमान १२० मायक्रॉन जाडीची हवी. हा आकडा छापलेल्या पिशव्या घाऊक बाजारात ‘चालणारा माल’ म्हणून विकल्या जातात. महाराष्ट्रात तेवढ्याने भागत नाही. राज्याच्या अधिसूचनेत प्लास्टिकच्या पिशव्या, बंदाच्या असोत वा बिनबंदाच्या, जाडी न पाहता बंद आहेत. १२० मायक्रॉन हा इतर राज्यांसाठी किमान निकष आहे, महाराष्ट्रातल्या गल्ल्यावरचा परवाना नव्हे. गिऱ्हाइकाकडून पिशवीचे वेगळे पैसे घेतले तरी गुन्हा टळत नाही. वर्षाला किमान ४८,००० रुपये भरून पिशव्या देण्याची सोय केंद्राच्या २०१६च्या नियमांत होती, पण तीही २०१८मध्ये वगळली गेली.

दुसरी गफलत कापडासारख्या दिसणाऱ्या, न विणलेल्या पिशव्यांची. कपड्यांच्या व मिठाईच्या दुकानांत त्या सर्रास दिसतात. हात लावला तर कापड वाटते, प्रत्यक्षात ते पॉलिप्रॉपिलीन असते आणि काडी लावली की वितळते. २०१८मध्ये त्याही बंद होत्या. २०२२च्या अखेरीस राज्याने ६० जीएसएमपेक्षा (चौरस मीटरला ग्रॅम) जड पिशव्यांना मुभा दिली. बाजारात मिळणाऱ्या विरविरीत पिशव्या पुष्कळदा त्या वजनाला उतरत नाहीत. विक्रेत्याने बिलावर जीएसएम लिहून घेणे हाच त्यावर व्यवहार्य उपाय. ‘कंपोस्टेबल’ शिक्क्याचेही तसेच. २०१८च्या अधिसूचनेतली सूट रोपवाटिका, शेती आणि घनकचरा हाताळणीच्या पिशव्यांना होती, कोथिंबिरीच्या जुडीला नव्हे. २०२२मध्ये कंपोस्टेबल पेले, ताटल्या, चमचे यांना वाट मिळाली, पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि सिपेट या संस्थांच्या प्रमाणपत्राच्या अटीवर. पुरवठादाराने प्रमाणपत्राची प्रत दिली नाही, तर शिक्क्याला काही किंमत नाही.

किराणा दुकानात कारखान्यातून बंद होऊन आलेले बिस्किटाचे किंवा वेफर्सचे पुडे विकता येतात. त्या वेष्टनाची जबाबदारी उत्पादकावर आहे. प्रश्न सुट्या मालाचा. ३० जून २०१८च्या दुरुस्तीने किरकोळ पॅकिंगला सवलत दिली, ती ५० मायक्रॉनपेक्षा जाड आणि किमान २ ग्रॅम वजनाच्या वेष्टनाला, तेही त्यावर उत्पादकाचे नाव, प्लास्टिकचा प्रकार आणि पुनर्खरेदीची किंमत छापलेली असेल तर. कोऱ्या पारदर्शक पिशवीत साखर भरून देणारा दुकानदार या सवलतीत बसत नाही. जुनी कागदी पुडी पुन्हा सोयीची ठरते, मात्र वर्तमानपत्राची नको. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या वेष्टनविषयक नियमांनी छापील रद्दीत खाद्यपदार्थ बांधायला मनाई केली आहे. दुधाच्या पिशवीलाही ५० मायक्रॉन जाडी आणि पुनर्खरेदीची छापील किंमत या अटींवर सूट आहे. रिकामी पिशवी परत आणणारे गिऱ्हाईक विरळाच, आणि ती घेणारा दुकानदार त्याहून विरळा. पुनर्खरेदीच्या योजनेचा हा सर्वांत लंगडा भाग.

बंदराच्या रस्त्यांवर, करळ फाट्यापासून पुढे, कंटेनरचालक आणि गोदामांतल्या कामगारांवर चालणाऱ्या टपऱ्यांची अडचण निराळी आहे. त्यांचा धंदाच पार्सलचा. पिशवीत बांधून दिलेला चहा, त्यासोबतचे पेले, रश्श्याची गाठ मारलेली पिशवी, प्लास्टिकचा चमचा हे सगळे बंदीत येते. आतून प्लास्टिकचा थर दिलेले कागदी पेले व द्रोणही जुलै २०२२च्या दुरुस्तीने बंदीत आले, हे अनेकांच्या गावीही नसते. काचेचा ग्लास, स्टीलची किटली, पत्रावळ, ॲल्युमिनियमचा डबा हे पर्याय माहितीचे आहेत. महाग पडतो तो डबा आणि धुण्यासाठी लागणारे पाणी. मासळी बाजारात गिऱ्हाइकाने डबा आणणे सर्वांत सोपे. कोळणीला पावसाळ्यात सागाचे किंवा केळीचे पान पुरते, पण मासळीच्या पाण्याने भिजणारी कागदी पिशवी कामाची नाही आणि तिची शिफारस करणाऱ्याने एकदा ओले बोंबील तिच्यात नेऊन पाहावेत.

या परिसराचे वैशिष्ट्य असे, की कायद्याची दोन टोके इथे शेजारी नांदतात. राज्याच्या अधिसूचनेने विशेष आर्थिक क्षेत्रे व निर्यातप्रधान कारखाने यांतील केवळ निर्यातीसाठीच्या प्लास्टिकला बंदीतून वगळले आहे, आणि हे बंदर चालवणाऱ्या जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचे असे क्षेत्र याच भागात आहे. कंटेनरमध्ये वैध असलेली पिशवी कुंपणाबाहेरच्या भाजीवाल्याच्या हातात अवैध ठरते. म्हणून गोदामातून आलेला ‘निर्यातीचा उरलेला माल’ स्वस्तात घेणे दुकानदाराला महागात पडू शकते. सूट वस्तूला नसून तिच्या वापराला आहे.

विकण्याइतकेच साठवणेही निषिद्ध आहे. जुन्या झबला पिशव्यांचा गठ्ठा माळ्यावर सापडला, तरी दंड होतो. तो दुसऱ्या दुकानाला विकू नये. स्थानिक संस्थेच्या संकलन केंद्रात किंवा अधिकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे देऊन पोच घ्यावी. तपासणीचे अधिकार मुख्याधिकारी, तहसीलदार, ग्रामसेवक, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी, पोलीस अशा अनेकांना दिलेले आहेत. दंड पहिल्या वेळी ५,०००, दुसऱ्या वेळी १०,००० रुपये. तिसऱ्यांदा २५,००० रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. रक्कम हातगाडीवाल्याला आणि मोठ्या मॉलला सारखीच आहे, ही या तरतुदीतली उघड विषमता. खरेदीची बिले, पुरवठादाराचा पत्ता आणि प्रमाणपत्रांच्या प्रती दुकानात ठेवल्या, तर निदान माल कुठून आला याचे उत्तर देता येते. दंड भरल्यास पावती मागावी.

हंगामी विक्रीत थर्माकोल विसरला जातो. सजावटीचे थर्माकोल राज्याच्या आणि केंद्राच्या, दोन्ही याद्यांत आहे. गणपतीचे तयार थर्माकोल मखर विकायला ठेवणे हा त्यामुळे साठ्याचाही गुन्हा. बंदीनंतरच्या पहिल्याच गणेशोत्सवासाठी, २०१८मध्ये, थर्माकोल उत्पादकांनी मागितलेली सवलत मुंबई उच्च न्यायालयाने नाकारली. गणेशमूर्तींचे पेण याच जिल्ह्यात असल्याने मूर्तीसोबत सजावट विकणाऱ्यांनी पुठ्ठा, कापड, बांबू यांची मखरे श्रावणाआधीच मागवणे इष्ट.