कोठीवरची महालक्ष्मी

शिल्प म्हटले की आपल्या भागातल्या माणसाला आधी वेरूळ आठवते. तिथे कारागिराने नको तेवढा खडक काढून टाकला आणि मूर्ती उरली. पण याच्या अगदी उलट अशीही एक रीत आहे. घरात हाताशी असेल ते गोळा करायचे, एकावर एक रचायचे आणि त्यातून मूर्ती उभी करायची.

पाश्चात्त्य कलेचे इतिहासकार या रीतीचा आरंभ विसाव्या शतकात धरतात. १९१३ साली मार्सेल द्युशाँने स्टुलावर सायकलचे चाक उलटे बसवले. पुढे १९४२ साली, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना, पिकासोने सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचे डोके केले. मुंबईच्या पिलू पोचखानवाला (१९२३-१९८६) यांनी भंगारातल्या लोखंडातून शिल्पे घडवली. ही सारी नावे पुस्तकांत आहेत, आणि असावीतच.

आता जरा आपल्या चिकलठाण्याकडे या. जालना रस्त्यावरचे हे गाव आज विमानतळ आणि कारखाने यांमुळे ठाऊक आहे. पण भाद्रपदात इथेही, साऱ्या मराठवाड्यासारख्याच, घरोघर महालक्ष्म्या येतात. जुन्या रीतीत त्यांचे अंग म्हणजे काय, तर पत्र्याची कोठी, नाहीतर एकावर एक ठेवलेले डबे. कोठीत गहू किंवा तांदूळ भरायचे. ते समृद्धीचे चिन्ह खरे, पण त्या वजनानेच मूर्ती तोलून राहते, हेही ध्यानात घ्या! खांद्यांसाठी आडवी काठी, वर पितळी किंवा मातीचा मुखवटा, आणि मग लुगडे. खरी कसोटी इथेच. निऱ्या नीट बसल्या नाहीत तर कोठी ती कोठीच दिसते. बसल्या, की घरात बाई येऊन उभी राहिल्यासारखे वाटते. कोकणात काही घरी तर पाणवठ्यावरून आणलेले खडेच गौर होतात.

हे करणाऱ्या बायकांना कोणी शिल्पकार म्हटले नाही. त्याही ‘महालक्ष्म्या बसवल्या’ एवढेच म्हणतात.

पिकासो आपल्या बैलाविषयी म्हणाला होता, की उद्या कोणी हे डोके उचलून त्याचे पुन्हा सायकलचे हँडल करावे. ते काही झाले नाही. सीट आणि हँडल पॅरिसच्या संग्रहालयात आहेत. आमच्याकडे मात्र ते दरवर्षी घडत आले.

अलीकडे बाजारात लोखंडी सांगाडे, तयार हात, साडी नेसवलेल्या आयत्या मूर्तीही मिळतात. वेळ वाचतो, त्याला नावे कशाला ठेवा? पण सांगाडा वर्षभर माळ्यावर पडून असतो, आणि निऱ्या घालायला सासूजवळ बसून शिकण्याचे कारण उरत नाही.

ज्या घरी अजून कोठ्या आहेत, तिथे मूळ नक्षत्रावर विसर्जन झाले की लुगड्याची घडी होते, मुखवटे कापडात गुंडाळले जातात आणि कोठी पुन्हा स्वयंपाकघरात जाते. दोन दिवसांनी त्यातलेच गहू गिरणीत जातात.